हलकं नाक

बर्मिंगहॅम, शनिवार, संध्याकाळ

षड्रिपूंपैकी सहावा मत्सर, हे शाळेपासून पाठ आहे. आज तो आमच्याच बाथरूममधला वजनकाटा घेऊन ड्राइव्हवेवर उभा होता.

गेल्या आठवड्यात मोटरवेवर गाडीमागे जोडलेली कॅरॅव्हॅन शेपूट हलवायला लागली, तेव्हापासून बायको, अनघा, ग्लासगोचं नाव काढू देईना. मी तीन संध्याकाळी दोन्हींना जोडणारा हिच आवळत बसलो. मित्रवर्य शिरीषने आज कॅरॅव्हॅनचं नाक, म्हणजे तिचा पुढचा दांडा, काट्यावर टेकवलं आणि हसला.

"अरे पंडित, नाक हलकंय, म्हणून शेपूट हलते! मागे काय भरलंयस?"

कणकेचं पोतं, तांदूळ, दोन कुकर. मीच रचलं होतं, शिस्तीत. त्याने ते उचलून चाकांच्या वर आणलं, पुन्हा काटा पाहिला. दहा मिनिटं!

मग चाचणी. गाडी माझी, चालवणार तो, शेजारी अनघा, मी मागच्या सीटवर.

"भावजी, किती सरळ चालतेय हो!"

वीस वर्षांत माझ्या ड्रायव्हिंगबद्दल असं काही? आठवत नाही. खरं लिहायचं तर मागे बसून मी प्रार्थना करत होतो, एकदाच हलू दे. हलली नाही.

उतरल्यावर अनघा मला म्हणाली, "जाऊ या रे ग्लासगोला. आता भीती नाही वाटत."

हेच तर हवं होतं. फक्त माझ्यामुळे हवं होतं.