दोराला गाठ नको

ता. रावेर,
१७ ऑक्टोबर १९९२

तीर्थस्वरूप रुपचंदनाना यांच्या चरणी मावसभाऊ शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. (पोट सुटल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, पण भाव पूर्ण आठांचा आहे.)

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मंजुळावहिनींचा खोकला गेला का? हे प्रश्न मी गेली दोन वर्षं मनातल्या मनात विचारतो आणि उत्तरंही मीच देतो, त्यामुळे माझ्यापुरते तुम्ही दोघं ठणठणीत आहात. पत्र कधीच लिहायला हवं होतं, पण सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं. आता सुचलं, कारण तुमचा दोर तुटला. दचकू नका, माणसं सगळी शाबूत आहेत. जीपचा उजवा दिवा तेवढा गेला.

तुम्हाला आठवत असेल (विसरायचा तुमचा स्वभाव नाही, तीच तर माझी अडचण आहे), मी मिलिटरीच्या लिलावातून जीप आणली तेव्हा तिच्या नाकावर दोर गुंडाळायचं यंत्र होतं. दांडा ओढला की ते दोर आत घेतं आणि चिखलात रुतलेला केळीचा ट्रक मुकाट्याने बाहेर येतो. गाव त्याला रहाट म्हणतं. त्यावरची लोखंडी तार झिजून तिचे काटे हाताला टोचायचे. तुमचा जन्म मुंबईच्या गोदीत दोरांच्या संगतीत गेलेला. तुम्ही खांद्यावर नायलॉनचा पांढराशुभ्र दोर घेऊन, भुसावळला गाडी बदलून नरडाण्याहून आलात. दिवसभर आमच्या ओट्यावर बसून लाकडी सुळ्याने त्याचे पेड उकललेत आणि पुन्हा दोरातच गुंफून आकड्यासाठी असा फास केलात, की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळू नये. मग मला समोर बसवून म्हणालात, "ध्यानमा ठेव भाऊ. तेल नको, ऊन नको, इस्तो नको. आणि दोरले गाठ नको. गाठ मारी का निम्मी ताकद गयी." ओढताना दोरावर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटलाच तर तो उसळत नाही, हेही सांगितलंत. तुटल्यावर पेडात पेड गुंफून कसा जोडायचा ते शिकवतो, ये, असंही म्हणालात.

मी शिकलो नाही. त्या संध्याकाळी घरी वांग्याच्या भरताचा बेत होता, दहा-बारा पाहुणे होते, आणि मला चार लोक दिसले की जीभ आवरत नाही. मी म्हणालो, "नाना तीस वर्षं गोदीत वेण्याच घालत होते म्हणा की!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. भरताच्या ताटावरून उठलात, चप्पल घातलीत आणि चालत स्टेशनावर गेलात. मला वाटलं, येतील परत. पाहुणे गेले, भरीत गार झालं, तरी मी ओट्यावरच बसून होतो. मागे जायला हवं होतं नाना. जीप दारात उभी होती.

आता दोराचं ऐका, म्हणजे माझ्या अकलेची खोली तुम्हाला कळेल. पहिल्या वर्षी मी त्याला तेल दिलं. आमचे आबा मोटेच्या नाड्याला एरंडेल चोळायचे, आणि त्या नाड्याने त्यांच्या हयातीत कधी दगा दिला नाही. मग तुमच्या दोरानेच काय घोडं मारलं, असं वाटून मी दोन शेर एरंडेल जिरवलं. नायलॉन काही पिईना. तेल वरच राहिलं, त्यावर शेतातली सगळी माती बसली, दोर करपलेल्या भाकरीच्या रंगाचा झाला आणि गावातले उंदीर जीपच्या दर्शनाला येऊ लागले.

म्हणून यंदा तो धुतला. धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवून मोगरीने बडवला. (तुम्ही हे वाचताना डोळे मिटले असणार.) आणि वाळत घातला तो भर वैशाखात, गच्चीवर, कुंदाच्या कुरडयांच्या शेजारी. कुरडया दोन दिवसांत उचलल्या, दोर उचलायचा राहिला तो थेट पाऊस येईपर्यंत. आपल्या भागातलं ऊन तुम्हाला मी काय सांगणार! दोराला हजामत न केलेल्या माणसासारखे खुंट फुटले. हात फिरवला की पांढरा भुगा पडायचा. मला वाटलं, धुतल्यामुळे मऊ झाला.

राहिला होता इस्तो. विस्तवाची ती पाळी खंडेनवमीला आली. हत्यारांबरोबर जीपची पूजा मांडली, हळद-कुंकू वाहिलं, आणि अगरबत्ती लावायची वेळ आली तेव्हा ती खोचायला केळं सापडेना. नाना, रावेर तालुका, केळीवाल्याचं घर, आणि घरात एक केळं नाही! आदल्या दिवशीच सगळा माल काटून ट्रकमध्ये भरला होता. कुंदा म्हणाली, थांबा, शेजारून आणते. पण मुहूर्त माझ्यासाठी थांबतो थोडाच! मी पाचही अगरबत्त्या गुंडाळलेल्या दोराच्या बेचक्यात खोचल्या आणि आरती म्हटली. आरतीत कसलासा वास आला, तो मी नव्या अगरबत्तीचा समजलो. नंतर पाहिलं तर दोरावर बोटभर जागा काचेसारखी गुळगुळीत आणि कडक झालेली. कुंदाने नख मारून पाहिलं आणि म्हणाली, "नानांनी नाही म्हटलेलं तेच करू राहिले तुम्ही." मी म्हटलं, देवाचं काम आहे, काही होत नाही.

दसऱ्यानंतर परतीचा पाऊस झाला आणि ट्रकवाल्या झुलालचा केळीने भरलेला ट्रक आमच्याच बांधापाशी रुतला. मी ऐटीत जीप नेली. आकडा अडकवला, दांडा ओढला. झुलाल दोराला लागूनच उभा होता. तेवढ्यात कुंदा डोक्यावर ओलं गोणपाट घेऊन आली, झुलालला हाताने मागे सारलं आणि गोणपाट दोरावर टाकलं. मी तिच्यावर खेकसलोसुद्धा. दोर ताणला, एकदा कुरकुरला आणि बरोबर अगरबत्तीच्या जागी बंदुकीसारखा आवाज करून तुटला. गोणपाटाने तो खाली दाबला म्हणून त्याचं टोक दिव्यावर बसलं. नाहीतर ते झुलालच्या तोंडावर बसलं असतं. घरी त्याची दोन लहान पोरं आहेत. मी चिखलात उभा होतो, आणि मला तुम्ही आठवलात. तुमच्या सगळ्या सूचनांपैकी एकच पाळली गेली, तीही माझ्या बायकोने, आणि तिने माणूस वाचवला. मला माझी फार लाज वाटली नाना.

पुढचं सांगायलाही नको. ट्रक बैलांनी काढला. मी दोराला गाठ मारली, ती रहाटाच्या खोबणीत अडकून बसली. मग पेड गुंफायला बसलो आणि दोन तासांनी माझ्या हातात सहाऐवजी सात टोकं होती. सातवं माझ्या पायजम्याच्या नाडीचं निघालं. तर आता हा दोर कसा जोडावा, ते सविस्तर लिहून कळवावं, एवढी विनंती आहे.

वहिनींना नमस्कार. चुकलं ते पोटात घालावं, आणि पोटात जागा नसेल तर मला येऊन रागवावं.

तुमचा धाकटा,
शालिग्राम

ता. क. वर लिहिलेली विनंती खोटी आहे. दोर जोडून झाला. तुम्ही ओट्यावर बसला होतात तेव्हा कुंदा शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती आणि सगळं बघत होती. परवा तिने जळका तुकडा दोन हात कापून टाकला आणि आमच्या बेबीची वेणी घालते तितक्या सहज पेडात पेड गुंफले. काल त्याने ट्रॅक्टर ओढून दाखवला. दोर आता जीपच्या मागे, सावलीत, झाकून ठेवते. वेणी घालण्यावरून मी जे बोललो होतो, त्याची आठवण ती रोज जेवताना करून देते. बोलत काही नाही, नुसती वाढते.

ता. क. पुन्हा. त्या दिवशी तुमचा लाकडी सुळा आमच्या ओट्यावर राहिला. दोन वर्षांत दहादा पार्सल बांधलं आणि दहादा सोडलं. तो पोस्टाने पाठवला तर तुम्हाला इकडे यायला काही कारणच उरणार नाही, अशी भीती वाटते. दोराला गाठ नको म्हणालात, ते पटलं. पण तुम्ही माणसांचीही गाठ बंद केलीत. वांगी आली आहेत. सुळा पाठवत नाही, घ्यायला या.