मामाचा एक आणि नऊ

३ जून

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

मेडिकलला तुझा नंबर लागल्याचं ताईचं पत्र दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, डॉक्टरांनाही सोडलं नाही. फीचा विषय निघाला की दाजी उठून दुकानात जातात, हेही तिने लिहिलंय. म्हणून सोबत एका शिष्यवृत्तीचा पत्ता पाठवतोय. नुसते मार्क आणि एक निबंध बघतात, वशिला चालत नाही. शेवटची तारीख १९. आळस करू नकोस.

तुझा कंपाउंडर मामा

८ जून

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

शेवटची तारीख ११ वाचली आणि घरात एकच धावपळ उडाली. बाबा बाइंडिंगचं काम टाकून झेरॉक्स काढायला पळाले. निबंध तपासणारे सर गावाला गेलेले, म्हणून पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून एका दुपारीत मीच लिहिला. आत्ताच पोस्टात टाकून आले. हे नाही जमलं तर मेडिकलचं नाव सोडू, असं बाबा म्हणाले आणि कितीतरी वेळ खळ ढवळत बसले. मला फार भीती वाटतेय.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.

ठकी

१२ जून

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

अगं, ११ नव्हे, १९. तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावता लावता माझंही बिघडलं. सरांनी निबंध नीट करून दिला असता, तेवढे दिवस होते. माझ्या नऊमुळे तुझी जागा गेली तर ताईला काय तोंड दाखवू? परवापासून घास गोड लागत नाही.

मामा

५ जुलै

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

मिळाली. शेवटच्या वर्षापर्यंतची सगळी फी. बाबांनी पत्र तीनदा वाचलं आणि दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं. आई हसतेय की रडतेय, ते अजून कळलेलं नाही.

निबंध कुणाकडून घोटून घेतलेला वाटत नाही म्हणून आवडला, असं त्यांनी कळवलंय. सर असते तर त्यांनी तो थोर माणसांवर लिहायला लावला असता. घाईत मला तुम्हीच आठवलात. चिठ्ठीतलं अक्षर लागलं नाही की तुम्ही डॉक्टरांच्या खोलीत जाता, बोलणी खाता, पण अंदाजाने औषध देत नाही, एवढंच लिहिलं.

ठकी

१० जुलै

चि. डॉक्टरीणबाईंस, अनेक आशीर्वाद.

निबंधाची गोष्ट वाचून काउंटरवर भरल्या डोळ्यांनी उभा राहिलो, गोळ्या दोनदा मोजाव्या लागल्या. पण मामा विचारल्याशिवाय पुडी बांधत नाही असं लिहिणारी पोरगी, त्याच मामाचा नऊ अंदाजाने एक समजते, याला काय म्हणावं?

हे पत्र एकेक अक्षर सुटं काढून लिहिलंय, दुपार गेली. तुझी पहिली चिठ्ठी माझ्याच काउंटरवर यायला हवी. वाचता आली नाही, तर तुझ्याही खोलीत येऊन विचारीन.

माया करत राहा.

मामा