एका कानाचा कुत्रा

३ मार्च
अंगावर काटा आला आज. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या शिलाई मशीनवरची नवी बाई फोनवर मुलीला गोष्ट सांगत होती. तिच्या मुलखाच्या भाषेत — मला ओ की ठो कळेना. आणि मध्येच ते नाव! आईच्या गोष्टीतल्या नावाड्याचं, हरवलेल्यांना घरी सोडणाऱ्याचं. (नाव इथे लिहीत नाही. ते तोंडानेच द्यायचं, हा आमच्या घरचा नियम.)

विचारलं तर मोडकंतोडकं बोलत म्हणाली, "आमच्याकडे तो बर्फावरून गाडी हाकतो." होडी नाही, नदी नाही — नाव मात्र तेच!

४ मार्च
कापड कापणारे मास्तर हसले. "नावाला कुठे तिकीट लागतं? खलाशी उतरतात, पितात, गोष्टी सांगतात. आमच्या आजीचा तर गाढवावर बसायचा!" सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. असेल बाई तसंच.

७ मार्च
एकच शिवण दोनदा उसवली. नवी बाई म्हणाली, गाडीपुढे कुत्रा पळतो. एका कानाचा.

तो दादाचा कुत्रा! आईने गोष्टीत घातलेला. मी सहा वर्षांची, अंथरुणातून ऐकायचे. मी ती गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, आणि आई तर कुणाकडे जातच नाही. दादाचं जहाज बुडालं त्याला तीस वर्षं होतील. आई अजून दाराला आतून कडी लावू देत नाही.

८ मार्च
कुत्रा कुणी सांगितला? खोदून खोदून विचारलं. ती लहान असताना त्यांच्या किनाऱ्याला एक माणूस लागला होता. त्यांच्या भाषेतलं त्याला एकच येत होतं — ते नाव. म्हणून घरात घेतला. जाळी दुरुस्त करायचा. पोरांना कुत्रा करून दाखवायचा, एक कान हाताने झाकून.

"मग?"

"मग एक दिवस नव्हता."

दादा वाचला होता! रडू आवरेना. पण आईला सांगू? पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा हरवायचा? आणि न सांगणारी तरी मी कोण?

९ मार्च
जेवताना आईच्या तोंडाकडे बघवेना.

१० मार्च
सांगितलं. आई म्हणाली, "अगं, दादा गेला तेव्हा कुत्र्याचे दोन्ही कान शाबूत होते. वाट बघत फाटकात बसायचा ना, तिथे त्याचा एक कान चिरडला — जहाज बुडाल्यावर. मग मीही गोष्टीत तसाच घातला. खिडकीत बसून दादाला सांगायचे रोज."

मग एका कानाचं दादाला कळलं कसं? आई मात्र हसली!

"म्हणजे पोचत होतं तर."