उजव्या हाताची चढाई

४ नोव्हेंबर १९९६, वडूज
साताऱ्याला फिजिओथेरपीच्या साक्षीमॅडमना खांदा दाखवून आलो. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मोठ्या कोनमापकानं उजवा हात मोजला. सत्तर अंश. अंग तिरकं करून नव्वद दाखवले, ते त्यांनी धरले नाहीत. केस विंचरता येतात का, विचारलं. येतात म्हणालो. टोपी काढली नाही, आत टक्कल आहे. मग त्यांनी स्वतः हात उचलून पाहिला, तरी तिथंच अडला. फ्रोझन शोल्डर म्हणे, शुगरवाल्यांना होतो. सहा महिने तरी लागतील. मी फौजेत अठरा वर्षं काढलीत. सहा आठवडे पुष्कळ झाले.

निश्चय: रोज तीनदा बोटांनी भिंत चढायची, पोचेल तिथं पेन्सिलीची खूण. २६ जानेवारीला शाळेत मी आणि माझा फौजेतला दोस्त जोतिबा शेजारी उभे राहून झेंड्याला सॅल्यूट करतो. पेन्शनीत निघाल्यापासून एकही साल चुकलं नाही.

१२ नोव्हेंबर
दिवाळी. सणासुदीला दुखणं उकरू नये. करंज्या फक्त पाच.

२५ नोव्हेंबर
राहिलेला व्यायाम आज एकदम केला. खूण चार बोटं वर! टाचा जराशा उचलल्या गेल्या, आपोआप. जाईबाई म्हणाली, आवं, भिंतीकडं तोंड करून नुसतंच उभं हायसा. बायकोला टेक्निक कळत नाही.

९ डिसेंबर
जोतिबा आला. दम लागलेला, पायरीवरच बसला. खुणा बघून म्हणाला, गड्या, हात न्हाई चढला, तूच चढलायस. टाचा टेकव की रं. जाईबाईसमोर बोलला! म्हटलं, आधी तुझा दम बघ. चहा न घेता गेला. आता त्यानं आधी बोलावं.

२८ डिसेंबर
मॅडमकडे गेलो नाही. एसटीत दांडा धरून हात दुखतो. खूण कॅलेंडरच्या खिळ्याला भिडली.

८ जानेवारी १९९७
जोतिबाला साताऱ्यात ॲडमिट केलंय. हार्ट. जाईबाई म्हणते, आजच जावा. जाणारच, पण हात तयार करून. वॉर्डात शिरताच सॅल्यूट ठोकतो, त्याचं तोंडच बंद. उद्यापासून दिवसातून पाचदा.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ झाला. व्यायाम उद्या.

१९ जानेवारी
जोतिबा गेला.
सरणापुढे आम्ही माजी सैनिक रांगेत उभे राहिलो. सावधान झालो. सगळ्यांचे हात कपाळाला गेले, माझा छातीशी अडला. टाचा उचलून पाहिल्या. तिथं भिंत नव्हती.
नंतर जोतिबाच्या घरी त्याची बायको, बनुवहिनी म्हणाल्या, भावजी, दवाखान्यात रोज इचारत हुतं, धनाजीचा हात कुठवर आला. भेटायला जायला हवं होतं. हात खाली असता तरी चाललं असतं त्याला.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो नाही.
ओल्या फडक्यानं सगळ्या खुणा पुसल्या. जाईबाईला म्हटलं, खाली बस, माझ्या टाचा दाबून धर. तिनं का म्हणून विचारलं नाही. बोटं चढवली. डोळ्यांत पाणी आलं. खांद्यामुळं, असं तिला सांगितलं.
जिथं थांबलो तिथं खूण केली. शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या उंचीला.