पंचेचाळीसला पर्याय नाही

६ सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. नेब्रास्कातल्या आमच्या ओटर फोर्क गावच्या पोलीस खात्याची पिस्तुलं झिजली आहेत. चीफ प्रोहास्काने आजच्या मीटिंगमध्ये (जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे होते, मी दोनच खाल्ले) जाहीर केलं की वर्ष संपायच्या आत नवी घ्यायची. कुठल्या कॅलिबरची, म्हणजे किती जाड गोळीची, ते समिती ठरवणार. समितीत चीफ, मी आणि रेयेस.

रेयेस का? इमेल्डा रेयेसला खात्यात येऊन धड दोन वर्षं झालेली नाहीत. मी बावीस वर्षं आहे, त्यातली अकरा रेंजवर शिकवणाऱ्याची लाल टोपी घालून. नेमबाजीच्या दिवशी ती टोपी एकाच्याच डोक्यावर असते, आणि ज्याच्या डोक्यावर असते त्याच्यापुढे चीफसुद्धा गप्प. घरी मात्र असं काही नाही.

निर्णय काय होणार ते उघड आहे. सध्या आमच्याकडे चाळीस कॅलिबर आहे. म्हणजे ना धड इकडे, ना धड तिकडे. नऊ एमएम त्याहून बारीक, चिमण्या हाकलायला ठीक. पंचेचाळीस म्हणजे गोळी. पंचेचाळीस लागलेला माणूस पडतो, आणि पडल्यावर उठायचा विचारही करत नाही. (मी आजवर माणसावर गोळी झाडलेली नाही. ट्रकने उडवलेल्या एका हरणावर झाडली होती. ते पडलेलंच होतं. तिसऱ्या गोळीला गेलं.)

संकल्प: रेयेसशी गोड बोलायचं. चीफला रोज एक मुद्दा सांगायचा. कोलाचे बंद.

६ सप्टेंबर, संध्याकाळ
चीफ जाता जाता म्हणाला, नव्या पिस्तुलावर सगळ्यांची परीक्षा बाहेरचा माणूस घेणार, राजधानी लिंकनहून येणार. नापास झाला त्याला आणखी एक संधी. तीही गेली तर गस्त बंद, जानेवारीपासून पुढच्या खिडकीत बसायचं. कुत्र्यांचे परवाने, हरवलेल्या सायकली. मी म्हटलं, उत्तम. चीफ माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

माझे मार्क आजवर मीच देत आलोय, पण मी कडक आहे. टार्गेटवरचं भोक रेषेला लागलं तर आत धरायचं, हा नियमच आहे. रेषेच्या जवळ असलं तरी मी आत धरतो, कारण दमट हवेत कागद ताणला जातो.

९ सप्टेंबर
चीफला आजचा मुद्दा सांगायला गेलो, तर त्यानेच मला एक सांगितला. म्हणे, एफबीआयसुद्धा परत नऊ एमएमवर आली. मी म्हटलं, एफबीआयचे चोर सुटाबुटात असतात. नेब्रास्कात जानेवारीत दरोडेखोरसुद्धा तीन कोट घालून येतो. चीफने विचारलं, आपल्याकडे शेवटचा दरोडा कधी पडला होता? मी म्हटलं, मुद्दा तो नाही.

१४ सप्टेंबर
रेंजवर. रेयेसचं चाळीसवर काही जमत नाही. हात लहान, मुठीला बोटं पुरत नाहीत. तरी मी मायेने समजावलं. म्हटलं, बाळ, तू गोळीला भितेस. आवाज व्हायच्या आधीच अंग चोरतेस, हात खाली दबतो, डोळे मिटतात, म्हणून गोळी खाली डावीकडे जाते. मनातलं भय टार्गेटवर उमटतं. (हे वाक्य माझं आहे. रेंजच्या पाटीवर लिहून ठेवलंय.)

ती म्हणाली, "सार्जंट, तुमच्याही सगळ्या खाली डावीकडेच आहेत."

मी तिला सांगितलं की जमीन उतरती आहे. लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडे. पण एखादं अंगण खरंच वाकडं असतं. मी गवंड्याची लेव्हल लावून पाहिली आहे. बुडबुडा सरकतो.

नंतर नेहमीप्रमाणे खाली पडलेल्या, गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या झाडून कॉफीच्या डब्यांत भरल्या आणि घरी आणल्या. लाल टोपीवाल्याने रेंज झाडूनच निघायचं, अशी पद्धत आहे. माझी बायको लॉर्ना म्हणाली, गॅरेजमध्ये आता एकतर ते डबे राहतील नाहीतर तिची गाडी. मी म्हटलं, पितळेला भाव येणार आहे. हे ती बरीच वर्षं ऐकतेय म्हणे.

१ ऑक्टोबर
शास्त्रीय प्रयोग! जिलेटिनचा ठोकळा म्हणजे माणसाचं मांस, असं शास्त्र मानतं. त्यात दोन्ही गोळ्या झाडायच्या आणि चीफसमोर ठेवायच्या. फ्रीजमध्ये दोन ट्रे लावले. लॉर्ना फार बोलली. तिलाही उद्याच्या चर्चच्या जेवणासाठी जेलीचा ट्रे लावायचा होता. शास्त्राला स्वयंपाकघरात मान नाही.

२ ऑक्टोबर
पहाटे लॉर्ना झोपेत असताना ट्रे काढून रेंज गाठली. नऊ एमएम: चांगली खोल गेली. अपेक्षेपेक्षा खोल. पंचेचाळीस: तिच्याहून दोन बोटं कमी, आणि गोळीला किसलेलं गाजर चिकटलेलं.

विचार करता लक्षात आलं की ठोकळा हिरवा होता. अंधारात मला वाटलं, सावली.

दुपारी चर्चमध्ये लॉर्नाच्या हिरव्या गाजर-जेलीची सगळे वाट बघत होते. तिने झाकण काढलं. आत बेचव, पारदर्शक, रबरासारखा ठोकळा. पाद्रीबाबांनी भल्या मनाने तुकडा घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. लॉर्ना परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. नऊ मैल.

निष्कर्ष: प्रयोग बाद. गाजर हाडासारखं आडवं आलं.

२० ऑक्टोबर
रेयेसने चुलतभावाची नऊ एमएम आणली आणि शंभरात चौऱ्याण्णव मारले. चीफ पाठीमागे उभा होता. त्याने शीळ घातली. मी म्हटलं, वारा तिच्या बाजूने होता. चीफ म्हणाला, "वेंडेल, वारा सगळ्यांच्याच बाजूने असतो रे." याचा अर्थ काय, मला कळला नाही. चीफ हल्ली कोड्यात बोलतो.

माझे एक्क्याण्णव. माझ्या मोजणीप्रमाणे.

३१ ऑक्टोबर
हॅलोविन. एक पोरगं पोलिसाचं सोंग घेऊन दारावर खाऊ मागायला आलं. मी त्याला विचारलं, तुझं पिस्तूल कुठल्या कॅलिबरचं? ते रडायला लागलं.

पण त्याच वेळी कल्पना सुचली. डमी गोळी! पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मध्येच एखादी बिनबाराची घालायची. कुठे आहे, हे झाडणाऱ्याला माहीत नसतं. चाप ओढला की नुसता टिक्. ज्याचं मन निर्भय, त्याचं पिस्तूल जागचं हलत नाही. भित्र्याचं मात्र आपणहून खाली मान टाकतं, आणि सगळ्यांना दिसतं. मी हे वर्षानुवर्षं शिकवत आलोय.

चीफला आणि नगर परिषदेच्या मंडळींना बोलवायचं. रेयेसच्या नऊ एमएममध्ये डमी घालायची. तिची नळी खाली झुकणार. मग मी शांतपणे म्हणणार: बघा, दोष कॅलिबरचा नाही, माणसाचा आहे. दोष माणसाचाच आहे, तर मोठी गोळी का नको? याला उत्तर नाही. मी आरशासमोर बोलून पाहिलं, मलाही सुचलं नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळ
आजचा दिवस माझा. लाल टोपीला ब्रश मारला. नाश्त्याला लॉर्नाने कालची खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचा रोल दिला. ती आता बोलते माझ्याशी. थोडं.

१२ नोव्हेंबर, दुपार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सगळे आले होते. परिषदेचे तिघे, चीफ आणि लिंकनचा तो परीक्षक. मी रेयेसला पुढे बोलावलं. परीक्षकाने रेंजच्या पाटीवरचे डमी गोळीचे नियम वाचायला सुरुवात केली. मोठ्याने वाचायची त्याला खोड आहे. "नियम एक: शिकवणारा आधी झाडेल. नियम दोन: स्वतःचं मॅगझिन स्वतः भरायचं नाही." म्हणाला, फार छान नियम आहेत, कोणी लिहिले? चीफ म्हणाला, यानेच.

मग माझ्या घरच्या पंचेचाळीसचं मॅगझिन रेयेसने भरलं. माझ्याकडे पाठ करून, नियमाप्रमाणे.

पहिली गोळी, धडाम. दुसरी, धडाम. तिसरी, टिक्.

पिस्तुलाने खाली अशी मान टाकली की समोर जमीन दिसायला लागली. मी त्याला धरून होतो, म्हणजे हात माझेच होते.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मीही हसलो असतो. वरून रानबदकं चालली होती, सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या. रेयेस हळूच म्हणाली, "सार्जंट, पुढची गोळी घ्या." मी घेतली. दोन धडाम, आणि पुन्हा टिक्. पुन्हा तेच. रेयेसची पाळी आली, तेव्हा तिचं पिस्तूल टिक् झाल्यावर टेबलावर ठेवल्यासारखं स्थिर होतं.

भाषणाची वेळ आली नाही. तरी चीफने विचारलं, वेंडेल, तुला काहीतरी म्हणायचं होतं ना? मी म्हटलं, दोष कॅलिबरचा नाही. पुढचं वाक्य बोललो नाही.

१३ नोव्हेंबर
कारणं: चिली. नवा चष्मा. डमी वजनाला वेगळी असते, हाताला कळतं आणि हात गोंधळतो. बदकं (पण ती नंतर आली).

मला फार वाईट वाटलं. हे इथेच लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. अकरा वर्षं मी लोकांना सांगत होतो, भिऊ नका.

२१ नोव्हेंबर
निर्णय: नऊ एमएम. दोन विरुद्ध एक. चीफ म्हणाला, नव्या पिस्तुलावर शिकवायला नव्वद मार्क हवेत, तोवर टोपी रेयेसकडे. मी म्हटलं, मी स्वतःच सुचवणार होतो. तिच्या डोक्याला ती मोठी होते. पट्टा आवळून आवळून शेवटच्या भोकापर्यंत नेला, तरी कानांवर येते. मी बघत नव्हतो, सहज दिसलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीवर लक्ष केंद्रित करायचं. चर्चमध्ये जायचं नाही.

९ डिसेंबर
नवी पिस्तुलं आली. परीक्षा. मार्क परीक्षकाने मोजले. दमट हवेबद्दल त्याला सांगून पाहिलं. म्हणाला, उणे सहा अंश आहे.

नापास. चांगलाच नापास. कॅलिबर बदललं की सवय व्हायला वेळ लागतो. नवी गोळी बारीक आहे, आणि तरीही सगळ्या खाली डावीकडे. म्हणजे उतार अजून वाढलाय.

एक संधी उरली, पुढच्या शुक्रवारी. आज पुढच्या खिडकीत जाऊन बसून पाहिलं, सहज. खुर्ची बुटकी आहे. समोरून येणाऱ्या माणसाचं फक्त पोट दिसतं.

१५ डिसेंबर
रेयेसने रेंजवर बोलावलं. दुसरं कोणी नव्हतं. टोपी कानांवर. मला वाटलं, माझंच वाक्य मला ऐकवणार. त्याची उत्तरं तयार ठेवली होती.

तिने टार्गेट लावलंच नाही. म्हणाली, "सार्जंट, मातीच्या ढिगात मारा, कुठेही. मला फक्त सांगा, पुंगळी कुठे उडाली." मी हसलो. उजवीकडे, म्हटलं. पुंगळी उजवीकडेच उडते, पुस्तकात आहे. ती म्हणाली, "किती उंच?" मी म्हटलं, खांद्याइतकी. ती म्हणाली, "नाही. पुन्हा."

पुन्हा. कमरेइतकी? नाही. पुन्हा. आता मला राग आला. इतका थंड वारा, आणि ही मला पुंगळ्या विचारतेय. मी म्हटलं, कपाळाइतकी असेल! ती म्हणाली, "असेल नाही, सार्जंट. बघून सांगा. घाई नाही."

कितव्या गोळीला ते मोजलं नाही, पण एकदम दिसली. पिवळीधमक, गरगरत, डोक्याच्या थोडी वर जाऊन मागे पडली. मी ओरडलोच, "टोपीच्या वर!" रेयेस म्हणाली, "हं. आता टार्गेट लावू."

१६ डिसेंबर, संध्याकाळ
पास! सत्त्याऐंशी, परीक्षकाच्या मोजणीने. भोकं मध्यभागी. टोपीला तीन कमी पडले, पण गस्त राहिली. चीफने पाठीवर थाप मारली. मी त्याला म्हटलं, मी पहिल्यापासून म्हणत होतो, दोष कॅलिबरचा होता. त्याने कोलाचेचा डबा पुढे केला. चार खाल्ले.

जेवताना लॉर्नाला सगळं सांगितलं. म्हटलं, या नव्या पिस्तुलात एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. पुंगळी उडताना दिसते! स्वच्छ, डोक्याच्या वरून, चमकत जाते. जुन्यात ही सोय नव्हती. काय डिझाइन केलंय!

लॉर्नाने काटा खाली ठेवला. म्हणाली, "वेंडेल, मग अकरा वर्षं तू झाडून काय आणत होतास?"

आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आलो. डबे आहेत. छतापर्यंत. सगळे जुन्याच पिस्तुलांच्या पुंगळ्यांचे. लॉर्नाची गाडी बाहेर बर्फात उभी आहे, तिच्यावरचा बर्फ झाडून आलो.