अर्ध्या दिवसाचा पंच

बपेरा,
५ सप्टेंबर २०२४

चि. टेकचंद यास मामाचा आशीर्वाद, जेवढा शिल्लक उरला तेवढा.

इकडे सारे बरे आहोत. धान गरभात आला, यंदा पाण्याची काळजी नाही. तुह्या मामीचे गुडघे दुखून राहिले, पण तोंड शाबूत आहे. तिनंच माह्या हातचा फोन काढून घेतला. म्हणे, टेकचंदले तुम्ही जे बोलाल ते शेजारच्या लेकराईच्या कानावर नको पडायले. म्हणून कागद घेतला. कागदावर शिव्या लिहायची मले लाज वाटते, हे तुह्या नशिबानं बरं झालं.

आज शिक्षक दिन म्हणे. पोट्ट्यांनी तुले गुलाबाचं फूल देलं असन. घे बाप्पा, खिशाले लाव. पण गेल्या शुक्रवारी भंडाऱ्याच्या शालेय कुस्त्यांमंधी तू पंच होऊन काय करून ठेवलं, ते त्याईले सांगतलं का नाही?

तुले आठवत नसन तं मी सांगतो. गुड्डी, माह्या अमरची पोरगी, सतरा वर्षांखालच्या मुलींमंधी एकोणपन्नास किलोची फायनल खेळत होती. सहा-दोननं पुढं. वीस सेकंद उरले होते. समोरची पोट्टी अंगावर आली, गुड्डीनं तिले कवळ घातली अन् स्वतः मागं पडून तिले डोक्यावरून पल्याड फेकलं. फेकता फेकता गुड्डीची पाठ गादीले लागली, डोळा मिटून उघडावा इतकाच वेळ. लगेच पलटली अन् वर बसली. अन् तू? शिटी फुंकली, गादीवर थापड मारली अन् खाली पडलेल्या पोट्टीचा हात वर केला! गुड्डीचे कोच तेजराम सर ओरडत राहिले तं तू त्याईलेच मॅटपासून दूर व्हा म्हणालास.

सर सांगतात, मॅटवर चित म्हणजे समोरच्यानं तुमचे दोन्ही खांदे दाबून धरले पाहिजेत. आपल्याच डावात आपली पाठ टेकली तं समोरच्याले दोन गुण, बस. सहा-चार झाले असते. कुस्ती गुड्डीचीच होती.

बाकीचे दोघे काय करत होते म्हणशील तं तेही ऐक. बाजूचा पंच तुह्याकडे पाहून मान हलवे अन् टेबलावरचा मोठा साहेब जेवणाचे कूपन वाटून राहिला होता. तीन माणसं, सहा डोळे, अन् पाहिलं कोणीच नाही. छातीवर बिल्ले मात्र तिघाईच्याही चकाचक.

आता कामाचं ऐक. नागपूरच्या विभागीय स्पर्धेची यादी पंचवीस तारखेले जाते. संयोजक समिती व्हिडिओ पाहायले तयार नाही. ते म्हणतात, पंचानं स्वतः लेखी देलं का निर्णय चुकला, तरच फेरकुस्ती लावू. म्हणजे पोरीचं सारं तुह्या दोन ओळींवर येऊन बसलं. पुढच्या साली ती एकोणीसच्या गटात जाते, तिथं दांडग्या पोरी. ह्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. लिहून दे.

सौ. शोभाले आशीर्वाद. तुले मामाचा लोभ पाहिजे असन तं पहिले तो कागद पाठव.

तुहा मामा,
तुलाराम


जवाहरनगर,
९ सप्टेंबर २०२४

ती. मामाजींच्या पायांवर टेकचंदचं डोकं. लाथ मारू नका, ही विनंती विशेष.

तुमचं पत्र शोभाने आधी वाचलं अन् जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. गुड्डीच्या मैत्रिणीने काढलेला तो व्हिडिओ तिने अकरा वेळा पाहिला आहे. ती कामाला जाते त्या फॅक्टरीच्या बसमध्येही दाखवला. आता तिच्यासोबतच्या बाया मला क्वार्टरसमोर पाहिलं की गादीवर थापड मारल्यासारखा हात करतात. तेव्हा माझं बरं चाललं आहे असं समजू नका.

मामाजी, मी पंच कसा झालो ते तरी ऐका. जुलैमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, तुमचं नाव कुस्ती पंचांच्या यादीत टाकलं. मी म्हटलं, सर, मी चित्रकलेचा. ते म्हणाले, क्रीडाशिक्षकाची जागा सहा वर्षांपासून रिकामी आहे अन् तुम्ही बपेऱ्याच्या पैलवानाचे भाचे. एवढीच माझी पात्रता.

प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं. आम्ही चाळीस मास्तर. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ अन् भाषणं यातच साडेबारा वाजले. शिकवणारे गृहस्थ मुळात व्हॉलीबॉलचे. प्रोजेक्टर लागेना, म्हणून ते नियमांचं पुस्तक उभं धरून लांबूनच पानं दाखवत होते. चितच्या नियमावर आले, तेवढ्यात मला बाहेर बोलावणं आलं. समारोपाच्या पाहुण्यांचं नाव फलकावर चुकलं होतं; तुमचा हात चांगला, जरा दुरुस्त करा म्हणाले. रंग वाळेपर्यंत थांबून परत आलो तर आत पुरीभाजी सुरू. सायंकाळी प्रत्येकाला एक शिटी, एक टोपी अन् एक प्रमाणपत्र. प्रमाणपत्रांवरची चाळीसही नावं मीच लिहिली. त्या दिवशी खरं काम केलं असेल तर मी एकट्याने.

मग मॅटवर उभा राहिलो तेव्हा डोक्यात जे होतं ते तुमचं होतं. नाकाडोंगरीच्या मंडईच्या जत्रेत, कुस्त्यांच्या दंगलीत तुम्ही पंच असायचे. पाठ मातीला लागली की कुस्ती खतम, मग कोणाचा बाप आला तरी ऐकायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं. मी तेच केलं. उलट पोरगी आपली म्हणून जास्तच कडक झालो. लोकांनी म्हणू नये, काकाने जिंकवली.

लिहून देण्याचं मात्र जमणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेचं नाव खराब होईल, अन् माझ्या बढतीची फाईल सध्या वर गेली आहे. समितीतल्या एकांचा फोनही आला. एका पंचाने लिहून दिलं तर सगळ्यांच्याच कुस्त्या उघड्या पडतील म्हणाले. मला माफ करा. गुड्डीला मी कुस्तीचे चांगले बूट घेऊन देतो, तिच्या पायाचं माप कळवा.

मामींच्या गुडघ्यांना शोभाने तेल पाठवलं आहे. राग ओसरला की माया राहू द्यावी.

तुमचा भाचा,
टेकचंद


बपेरा,
१२ सप्टेंबर २०२४

टेकचंद, आशीर्वाद मागच्याच पत्रात संपले. तेल पोचलं.

ते बूट तुह्या मुख्याध्यापकाच्या पायात घाल. पोरीनं तुले तिची कुस्ती मागितली अन् तू बुटाचं माप विचारून राहिला. हे लिहिताना तुले लाज नाही वाटली का रे?

आता राहिली माह्यावर ढकलल्याची गोष्ट. ती खोटी नाही, म्हणून जास्त झोंबली. तुले एक सांगतो, तुह्या मामीलेही मी सांगतलं नाही. गुड्डीची पाठ गादीले लागली तवा मीही कपाळावर हात मारला होता. मलेही वाटलं, गेली कुस्ती. बसमंधी सारी वाट मी तिलेच बोललो, का पाठ कायले लावली म्हणून. दुसऱ्या दिवशी तेजराम सरानं समजावून सांगतलं तवा माह्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे पोरीले पंचानंही हरवलं अन् आज्यानंही.

पण लेका, माह्या तोंडात शिटी नव्हती. मातीचा नियम मातीत चालते. गादीवर उभं राहाचं असन तं गादीचा नियम शिकाव लागते. नाही शिकला तं सरळ म्हणाव लागते, मले येत नाही. हे तीन शब्द तुम्हा शिकलेल्या लोकाईले इतके जड काहून जातात? तुम्ही चाळीस होता ना तिथं? चाळीसांतून एकालेही तोंड उघडता आलं नाही. पुऱ्या खायले मात्र चाळीसही तोंडं उघडली.

गुड्डी रोज पहाटे तेजराम सराकडे जाऊन राहिली. वजन वाढू नये म्हणून सायंकाळचा भातही सोडला तिनं. तिले वाटते फेरकुस्ती होणारच, कारण काकाले लिहायचं आहे अन् काका लिहीनच. तू नाही म्हणालास हे मी तिले सांगतलं नाही. मी सांगणारही नाही. तूच फोन करून सांग.

लोभाचं मंग पाहू.

तुलाराम


जवाहरनगर,
१६ सप्टेंबर २०२४

ती. मामाजी, नमस्कार. तुमचा माझ्यावर राग आहेच, पण हे पत्र मामींना दाखवा.

गुड्डीला दोनदा फोन लावला. पहिल्यांदा तिने उचलायच्या आधीच मी कट केला. दुसऱ्यांदा उचलला अन् मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, काका, लिहून झालं का? मी हो म्हणालो. मग फोन ठेवून लिहायला बसलो, दुसरा इलाज नव्हता.

सरळ लिहिलं, की मला चितचा नियम माहीत नव्हता, त्यामुळे मी जिंकणाऱ्या मुलीला हरवलं. कागद घेऊन गेलो तर समितीचे लोक म्हणाले, असं कसं लिहिता सर, नियम माहीत नव्हता लिहू नका, उभं राहायची जागा चुकली त्यामुळे नीट दिसलं नाही असं लिहा. मी म्हटलं, दिसलं तर सगळं, कळलं नाही. अर्धा तास हेच चाललं. त्यांना आंधळा पंच चालतो, अडाणी पंच चालतो, फक्त त्याने तसं लिहून द्यायला नको. मी एक शब्दही बदलला नाही.

फेरकुस्ती रविवारी, बावीस तारखेला आहे. तेवढ्यापुरता नागपूरहून एक अनुभवी पंच बोलावला आहे. माझं नाव शिस्तीचा भाग म्हणून यादीतून काढलं. बाकीचे एकोणचाळीस तसेच आहेत. त्यांनी काही लिहून दिलं नाही, म्हणून ते पात्र. बढतीच्या फाईलबद्दल मुख्याध्यापक आता बोलतच नाहीत.

आठ दिवसांपासून मी ते नियमांचं पुस्तक वाचतो आहे. समोरच्या खोलीत सतरंजी टाकून शोभासोबत एकेक नियम करून पाहतो. काल तिने मला खरंच चित केलं अन् उठूच देईना, म्हणे आधी कोणत्या नियमाने चित झालात ते सांगा. आता झोपेतही सांगीन. फक्त विचारणारं कोणी उरलं नाही.

मी रविवारी येणार नाही, मला पाहून पोरीचं लक्ष उडेल. जमेल तेवढी माया ठेवा.

टेकचंद


बपेरा,
२४ सप्टेंबर २०२४

ती. काका आणि काकू यांना गुड्डीचा नमस्कार.

आजोबा म्हणाले, तूच लिही, माझ्या पत्रांनी टेकचंद घाबरते. आजी बरी आहे, काकूच्या तेलाने गुडघ्यांना आराम आहे. आता मोठी बातमी.

काका, मी हरली. आठ-सहा.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पहिलेच सांगून टाकलं. मला पण खूप वाईट वाटलं. नागपूरला आता तीच जाईल. आई म्हणाली, मग एवढी उठाठेव कशाला केली. पण काका, ते पंच इतके चांगले होते! कुस्ती सुरू व्हायच्या आधी दोघींनाही जवळ बोलावून काय चालेल अन् काय नाही ते सांगितलं. एकदा खांदे पाहायला सरळ गादीवर पोटावर झोपले. गॅलरीतून आजोबा दोनदा ओरडले अन् दोन्ही वेळा आजोबाच चूक होते. तेजराम सरांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

बसमध्ये आजोबांनी विचारलं, काहून हरली. मी सगळं सांगितलं. पहिल्या मिनिटात उजवा पाय पुढे सोडला, तिने ओढला, दोन गुण. मग मी तीनदा तिच्या मागे गेली, सहा गुण माझे. शेवटी पुढे होती तरी घाई केली अन् तिने मला लागोपाठ तीनदा फिरवलं, सहा गुण तिचे. आजोबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मागच्या वेळी ह्याच बसमध्ये ते रागावत होते अन् मी फक्त माहीत नाही, माहीत नाही म्हणून रडत होती. घर येईपर्यंत आजोबांनी माझी बॅग स्वतःच्या मांडीवर धरून ठेवली.

त्यांचा निरोप आहे, की दर रविवारी बपेऱ्याला या. आखाड्यावरच्या पोट्ट्यांना मॅटचे नियम शिकवायचे आहेत, आणि आजोबांनाही, पण हे त्यांनी सांगितलं नाही, मी सांगते.

अजून एक राहिलं. तुमच्या जागी यादीत आता संगीताच्या एका सरांना घेतलं आहे. रविवारी ते पाहायला आले होते, गळ्यात नवीन शिटी घालून. पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टी असते अन् दुसऱ्यावर निळी, ज्या रंगाच्या खेळाडूला गुण द्यायचे तो हात वर करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. कुस्ती संपल्यावर ते संगीताचे सर हळूच माझ्याजवळ आले अन् विचारलं, बेटा, लाल कोणत्या हातात बांधतात? मी घामाने ओली होती, नुकतीच हरली होती. मनात आलं, मुद्दाम उजवा सांगावं. पण पुढच्या वर्षी ती शिटी माझ्याच कुस्तीत वाजणार आहे. म्हणून मी डावा सांगितलं. त्यांनी ते तळहातावर पेनाने लिहून घेतलं.

मोठ्यांना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती वाढत राहू द्या.

तुमची,
गुड्डी