शेगडीतली बारीक लाकडं

प्रिय नोरीन,

काल अल्बमच्या कार्यक्रमात तू तिसऱ्या रांगेत होतीस आणि मी मुद्दाम मागच्या भिंतीकडे बघत गात होते. बाहेर उणे अडतीस, तरी पार डॉसन शहराहून माणसं आली. मूस हरणाचा रस्सा संपला, सीडी संपल्या, आणि तुझ्या बाबांच्या गाण्याला तर लोक उभे राहिले. 'गावाला शिकवून लॉर्न स्वतःच विसरला' या ओळीला आधी हसले, मग रडले. एरवी मी शेफारले असते. काल मान वर करवली नाही.

नंतर कोटाची बटणं लावताना तू म्हणालीस, "छान गायलीस गं. पण मला त्यांचा रागच येतो. जन्मभर आम्हाला छळलं आणि स्वतः आळसाने मेले. फोटोसुद्धा लावलेला नाही मी त्यांचा." मी फक्त तुझं वरचं बटण लावून दिलं.

छळलं ते खरंच. त्यांचा नियमच होता: जंगलातल्या केबिनमधून निघताना शेगडीत ढलप्या आणि बारीक लाकडं रचून ठेवायची. पुढचा येणारा कदाचित गोठलेल्या बोटांनी येईल. जनावरांसाठी लावलेल्या सापळ्यांच्या वाटेवर त्यांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी विसरले, तर चार मैलांवरून परत पाठवलं. "गाणी नंतर लिही गं भवाने, आधी लाकूड तास!" अर्धा अल्बम त्यांच्या शिव्यांवरच उभा आहे.

म्हणून गेल्या हिवाळ्यात नदीचा बर्फ फुटून कमरेपर्यंत भिजलेले ते केबिनपर्यंत पोचले आणि शेगडी रिकामी निघाली, तेव्हा सगळं गाव म्हणालं, म्हातारा विसरला. सापडले तेव्हा गोठलेल्या हातात चाकू होता, ओंडका अर्धवट तासलेला. मीही तेच म्हटलं, चालीत बसवून.

नोरीन, त्यांच्या आधी तिथे मी होते. गाणी लिहायला, कुणाला न सांगता, आठ दिवस. शेवटच्या सकाळी त्यांनी रचलेली लाकडं मी कॉफीसाठी जाळली आणि हवा बिघडतेय बघून निघून आले. नवी रचायला वीस मिनिटं लागली असती. गुरुवारी रेडिओवर गाण्याऐवजी मी हेच सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं. ते विसरले नव्हते गं. शेगडीत लाकडं आहेत याची खात्री होती, म्हणूनच तर ते काठावर आग न पेटवता तिथवर चालत गेले.

तुझीच म्हणवत नाही, तरी,
आर्डिथ